चोरीचा पुदिना

साळूबाईचा पुदिना मेला, पण दोष कुणाला द्यायचा? मे महिनाभर ती लेकीकडं लासूर स्टेशनला राहिली. इकडं नळाला आठ दिवसांनी पाणी. सून दीपमालेनं प्यायचं पाणी जपलं, कुंडी तिच्या ध्यानातच आली नाही. साळूबाई परतली तेव्हा कुंडीत नुसत्या काटक्या उरल्या होत्या.

हा पुदिना तिच्या आईच्या हातचा, खुलताबादचा. आई गेली, भावांनी मोरीमागच्या पुदिन्याच्या जागेवर फरशी घातली, आणि माहेर म्हणावं असं हिच्याकडं एवढंच राहिलं होतं. बाजारात जुड्यांना तोटा नव्हता, पण ती जुडी काय करायची? दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या कालिंदीताईंच्या गॅलरीत मात्र तोच पुदिना माजला होता. कालिंदीताई बँकेतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. त्यांनी साळूबाईकडून दोनदा काड्या मागून नेल्या, दोन्ही वेळा कुजल्या. मागितलेलं रोप लागत नाही, ते चोरूनच न्यावं लागतं, असं साळूबाईनं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. पण आठवड्यानं त्यांनीच तीन काड्या हळूच खुडून पर्समध्ये टाकल्या. साळूबाईनं दाराआडून पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही. त्या काड्यांना पेल्यातल्या पाण्यात आठ दिवसांत मुळं फुटली.

आता चोरायची पाळी साळूबाईची होती. मागितलं असतं तर कालिंदीताईंनी अख्खी कुंडी दिली असती. पण मागून नेलेला पुदिना लागलाच नाही तर? ती लागोपाठ तीन दिवस दुपारी चहाला गेली. कालिंदीताई पाहुण्याला एकटं सोडून जागच्या हलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, तुमची कुंडी रिकामी का दिसते?

"वाळला. आईचा व्हता," साळूबाई म्हणाली.

कालिंदीताईंनी तिच्याकडं पाहिलं, मग गॅलरीकडं. कप उचलून त्या उठल्या.

"साळूबाई, माझी पूजा राहिलीय. अर्धा तास तरी मी बाहेर यायची नाही. तुम्ही बसा निवांत."

चार वाजले होते. पूजा सकाळीच आटोपलेली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

साळूबाई गॅलरीत गेली. कवळे शेंडे नखानं खुडून तिनं पदराखाली घेतले. आत घंटा वाजत होती. ती आपल्या घरात शिरली, कडी लावली, पेल्यात पाणी भरून काड्या उभ्या केल्या, तरी समोरून घंटा वाजतच होती.