जानव्याला बांधलेली किल्ली

आमचे हेडमास्तर भीमाचार्य म्हणजे देवमाणूस. पण त्या वर्षी मला त्यांचा इतका राग यायचा, की कधी कधी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे.

कारण होतं एक लाकडी पेटी. बेंगळूरच्या एका शिक्षक-महाविद्यालयात शाळांतल्या विज्ञानशिक्षकांसाठी विस्तार केंद्र निघालं होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी आनेकलहून बसनं तिथं जायची. कंदिलाची काच, सायकलची जुनी ट्यूब असल्या वस्तूंतून प्रयोग कसे करायचे ते शिकवत, वर सायक्लोस्टाइल केलेले कागद हातात देत. सगळं फुकट! त्रेसष्टच्या दिवाळीनंतर तर त्यांनी आमच्या मुलींच्या शाळेला पेटीच दिली. सूक्ष्मदर्शक, लोहचुंबक, परीक्षानळ्या, चिमटे, सुया. अट एकच होती. वर्षभरात केंद्राचा माणूस येईल आणि पेटी वापरात नसली तर ती दुसऱ्या शाळेला देईल.

भीमाचार्यांनी पेटीला हळदकुंकू लावलं, कपाटात ठेवली आणि किल्ली जानव्याला बांधली.

"वसुमतीअक्का, साक्षात सरस्वती आहे ती. पोरींच्या हातून स्वल्प काही फुटलं तर?"

आम्ही दोघंही घरी मराठी बोलणारे, त्यामुळे भांडणही मराठीत व्हायचं. मी दर सोमवारी किल्ली मागायची. ते दर सोमवारी "सरी, बरं, बघू" म्हणायचे. मग मी फळ्यावर सूक्ष्मदर्शकाचं चित्र काढायची. सातवीतली कावेरी विचारायची, "टीचर, त्यातून बघितलं की काय दिसतं?" चित्रातून काय कपाळ दिसणार! मला तिच्याकडे बघायची लाज वाटे.

चौसष्टच्या दसऱ्याच्या सुट्टीआधी, शाळेच्या शेवटच्या दिवशी, आयुधपूजा होती. भीमाचार्यांनी जानव्यासकट वाकून कपाटाचं कुलूप काढलं आणि प्रथमच पेटी उघडली. सगळी उपकरणं पाटावर मांडली, एकेकाला गंध-कुंकू लावलं. हात जोडून म्हणाले, "आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही." ही आमच्याकडची रीतच.

आणि नेमकी त्याच वेळी फाटकात जीप थांबली. केंद्राचे नरसिंहराव आले होते.

त्यांनी पेटीत सामान फुटू नये म्हणून घातलेलं गवत तसंच बघितलं. पाटावरच्या परीक्षानळ्यांचा कागदही सुटलेला नव्हता. माझं आडनाव ऐकून ते मराठीतच म्हणाले, "बाई, वर्ष होत आलं. होसकोट्याच्या मास्तरांनी मला चार पत्रं लिहिलीत या पेटीसाठी. मी आज ती घेऊन जातो."

खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलले तर हेडमास्तरांची चहाडी. कावेरी दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मी रडायच्या बेतात होते.

नरसिंहराव सूक्ष्मदर्शक उचलायला वाकले आणि थांबले. "हे काचेवर काय?"

भीमाचार्यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवरच कुंकू वाहिलं होतं. देवाला जसं पायाशी वाहतात तसं. नरसिंहरावांना हसू आलं. त्यांनी आरसा खिडकीकडे वळवला आणि डोळा लावला.

"आचार्य, बघा हो जरा."

"आज हात लावायचा नाही."

"हात नको. डोळा लावा."

भीमाचार्य विचारात पडले. मग हात पाठीशी बांधून वाकले.

"अय्यो! ह्यात पिवळं आहे!" ते ओरडले. "कुंकवात पिवळं कसं?"

"हळदीचेच कण ते," मी म्हटलं. "हळद चुन्यानं लाल होते, तो पोचला नसेल तिथपर्यंत."

"पण आमच्या घरी करतात हे कुंकू! रोज लावतो मी!" त्यांनी दुसरा डोळा लावून बघितला. मग पाठीमागचा हात आपोआप पुढं आला आणि काचपट्टी सरकवू लागला. रीत कुठल्या कुठं गेली. "इथं तर नुसतं केशरी. कावेरी, ये, बघ!"

मुलींची रांग लागली. भीमाचार्य दोनदा रांगेत शिरले. शेवटी बाजूला येऊन हळूच म्हणाले, "अक्का, माझ्या शाळेतही असं कपाट होतं. मास्तर आम्हाला काचेतून दाखवायचे आणि पुढं न्यायचे. मला वाटलं, विज्ञान असंच शिकवतात." वर्षभराचा माझा राग तिथंच गळून गेला.

नरसिंहरावांनी गवत पुन्हा पेटीत कोंबलं नाही. फक्त म्हणाले, "किल्ली कुणाकडे असते?"

भीमाचार्यांनी सदऱ्यातून जानवं बाहेर ओढलं. वर्षभर घामानं, आंघोळीनं गाठ घट्ट बसली होती, नखांनी सुटेना. नरसिंहरावांनी कात्री पुढं केली, तर ते दचकून मागं सरले.

तेव्हा कावेरीनं पाटावरून एक सुई उचलली. वर्षभर जिला पेटीला हात लावू दिला नव्हता त्या मुलीसमोर हेडमास्तर मान वाकवून उभे राहिले. तिनं जीभ दातांत धरून गाठ सैल केली आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.