ज्याला काहीच ठेवलं नव्हतं

आक्कांचा हात सढळ, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण तोच सढळ हात एक दिवस गळ्याशी येईल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या सकाळी लाँड्रीच्या दारात टॅक्सी उभी होती. दुपारी आक्कांच्या हृदयाचं ऑपरेशन. बॅग भरलेली, वकीलबाई काउंटरवर मृत्युपत्र पसरून बसलेल्या, आणि सून नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतेय. घालणार नाही तर काय करणार बिचारी! नवरा गेला तरी ती सासूला सोडून गेली नव्हती. इस्त्रीच्या वाफेने हातांवर डाग पडले, पण लाँड्री तिनेच उभी ठेवली. आणि आज मृत्युपत्र झालं नाही तर कायद्याच्या लेखी ती कुणीच नव्हती. दुकान आक्कांना वडिलांकडून आलेलं, ते सरळ त्यांच्या भाच्याला जाणार होतं. त्याने तर गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. मेला, आत्या ऑपरेशनला निघालीय आणि हा दुकानाची मापं काढतोय!

हे आधीच का नाही केलं म्हणाल, तर मृत्युपत्राचं नाव काढलं की आक्का विचारायच्या, "का गं, घाई झालीय का तुला?" काल डॉक्टरांनी डोळे वटारले तेव्हा कुठे घोडं पुढे सरकलं.

"दोन साक्षीदार हवेत," वकीलबाई म्हणाल्या. "आक्का सही करतील ती दोघांनी समोर बसून बघायची. मात्र ज्याला यातून काही मिळणार, त्याने साक्ष द्यायची नाही. दिली तर त्याच्या वाट्याचं गेलं. मलाही नाही चालणार, सगळी वाटणी मीच बघणार आहे. उद्या भाचा बोट दाखवेल."

"एवढंच ना!" सून म्हणाली. एक साक्षीदार टॅक्सीवाला. दुसरा तर काय, गल्लीत हाकेसरशी मिळेल.

शेजारचा बेकरीवाला पिठाचे हात पुसत आला. वकीलबाईंनी कागदावर बोट फिरवलं. "यांना तांब्याचं पातेलं."

फुलवाली आली. "हिला भिंतीवरचं घड्याळ."

औषधवाला आला. "यांना पोपट."

"मला पोपट?" औषधवाला हरखूनच गेला.

"पिंजऱ्यासकट," आक्का म्हणाल्या. "त्याला मिरची कमी घाल, शिव्या देतो."

सुनेने कपाळावर हात मारला. "आक्का, गल्लीत कुणाला सोडलंय का तुम्ही?"

"माझं पातेलं खोडा, मी करतो सही," बेकरीवाला म्हणाला. भला माणूस!

"हात लावशील तर!" आक्का कडाडल्या. "एकदा दिलं ते दिलं. मी शब्द फिरवत नाही." मग टॅक्सीवाल्याकडे वळून म्हणाल्या, "हा पोरगा गुणी दिसतोय. याला माझी छत्री..."

"आक्काऽऽ!" वकीलबाई आणि सून एकदम ओरडल्या. उरलासुरला एक साक्षीदारही आता हातचा जाणार होता!

सून बाहेर धावली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात तिची नजर भिंतीला साखळीने उभ्या बांधलेल्या बाकड्यावर गेली, आणि तिथून समोरच्या दुकानावर.

समोर शिंपी. पूर्वी त्याची गिऱ्हाइकं आक्कांच्या बाकड्यावर बसायची, त्यावरून एकदा तू तू मैं मैं झाली आणि आक्कांनी बाकडं उभं करून त्याला कुलूपच ठोकलं. तेव्हापासून दोन्हीकडची गिऱ्हाइकं उभी. दुसऱ्याला अपशकुन म्हणून आपलंच नाक कापलं म्हणतात ना, ते हेच! बोलणं तर दूरच, दोघं एकमेकांकडे बघतही नसत. त्याला आक्कांनी टाचणीसुद्धा ठेवली नसणार!

सून तशीच चपला न घालता पलीकडे पळाली. शिंपी दाढी करत होता, अर्धा गाल साबणाचा. तिने एका दमात सगळं सांगितलं आणि वर हात जोडले. "नाही म्हणू नका. माझं सगळं यावर आहे."

शिंप्याने वस्तरा खाली ठेवला. "ऑपरेशन? आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही?" तो तसाच निघाला, साबणासकट. वाटेत पुटपुटला, "ती गेली तर मी भांडू कुणाशी?"

त्याला बघून आक्कांनी तोंड फिरवलं.

"यात माझं नाव आहे का?" शिंप्याने वकीलबाईंना विचारलं.

"नाही."

"कोपऱ्यात कुठे?"

"कुठेच नाही."

"मग आणा पेन!"

आक्कांनी सही केली. टॅक्सीवाल्याने केली, शिंप्याने केली. कागदावर साबणाचा एक ठिपका पडला तो वकीलबाईंनी हळूच टिपला. सुनेला आनंदाने रडूच फुटलं.

टॅक्सी निघताना शिंपी खिडकीशी वाकला. "परत या. मी अजून जिंकलेलो नाही."

आणि आक्का आल्या की हो! जरा वाळल्या होत्या, पण आवाज तोच खणखणीत. घरी आल्या आल्या त्यांनी वकीलबाईंना बोलावलं. "शिंप्याचं नाव घाला. बाकडं त्याला."

वकीलबाई खुर्चीतून पडायच्याच बाकी होत्या. "अहो, तो साक्षीदार आहे! त्याला मिळायचं नाही. पुन्हा नवं मृत्युपत्र करायचं, तर साक्षीला आणू कुणाला? गल्ली संपली!"

आक्कांनी डब्यातून किल्ली काढली, सुनेचा हात धरला आणि बाहेर आल्या. कुलूप गंजलं होतं, तरी खटकन उघडलं. बाकडं सुनेने एका बाजूने उचललं. आवाज ऐकून शिंपी धावत आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. तिघांनी मिळून ते त्याच्या दारात नेऊन ठेवलं.

"मला?" शिंप्याने विचारलं. डोळे लपवायला तो गळ्यातली टेप सारखी करत बसला. "आणि साक्षीला कोण?"

"वेड्या, मेल्यावर द्यायचं असलं तर साक्षीदार लागतात," आक्का म्हणाल्या आणि बाकड्यावर बसल्या. "सरक जरा. सूनबाईलाही बसू दे."