जाळीच्या आत

वाघ येतो म्हणून गावाभोवती लोखंडी जाळी ठोकली, तेव्हापासून शकुबाईचं मोहफुलं वेचणं सुटलं. वाघ बाहेर मोकळा अन् माणसं आत कोंडलेली!

आज जाळीला खेटून परदेशी पाहुण्यांची जिप्सी उभी राहिली. सोबतचे साहेब शकुबाईला म्हणाले, "बाई, वाघ राखायचा करार आपल्या देशानं जगाशी केलाय. हे पाहुणे तेच बघायला आलेत."

पाहुण्यांनी माना डोलावल्या, शकुबाईचे फोटो काढले. मग एका गोऱ्या बाईनं जाळीच्या भोकातून बिस्कीट पुढं केलं.

शकुबाईचं डोकंच सणकलं.

"साहेब, जंगलाच्या गेटवर पाटी हाये ना, जनावरायले खायले देऊ नका म्हणून? तशीच एक इथी लावून टाका!"