बाटली आणणाऱ्याची सही

अपील अधिकाऱ्यांच्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणी मागच्या तारखेपेक्षा चार मिलिमीटर खाली गेलं होतं. बाईंनी ते नजरेनेच मोजलं. खिडकी बंद, पंखा चालू, मध्ये अकरा दिवस. म्हणजे कोणी घोटभरही प्यायलं नव्हतं आणि कोणी बदललंही नव्हतं.

"काय बघताय, वहिनी?" शेजारी बसलेल्या नणंदेने हळूच विचारलं.

"बाष्पीभवन."

"या कचेरीत वेळच्या वेळी होणारं तेवढं एकच काम."

नणंदेची सगळी नोकरी दुसऱ्या एका खात्यात, लोकांच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेली होती. बाईंचं अपील तिनेच लिहिलं होतं. आजची ही आठवी तारीख. एकदा अधिकारी प्रशिक्षणाला गेले होते, एकदा खोलीला रंग चालला होता, आणि एकदा शिक्का कपाटात होता नि कपाटाची किल्ली रजेवर गेली होती. बाई एकोणीस दिवसांनी निवृत्त होणार होत्या. तोवर निकाल लागला नाही, तर 'आता प्रयोजन उरले नाही' एवढा शेरा मारून फाईल बंद होणार होती.

बाई पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परीक्षक होत्या. वरिष्ठ परीक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांच्याहून चौदा वर्षांनी नव्या माणसाला मिळाली. बाईमाणूस म्हणून आपल्याला डावललं, अशी तक्रार बाईंनी केली. खात्याने ती फेटाळली. स्त्री-पुरुष असा प्रश्नच नाही, अर्जदारांना स्वतंत्र चाचणीचा अनुभव नाही, गेल्या तीन वर्षांत एकाही अहवालावर त्यांची सही नाही, असं उत्तर आलं.

सही नव्हती हे खरंच होतं. प्रयोगशाळेत पद्धतच अशी होती, की जो बाहेर जाऊन नमुन्याची बाटली आणेल, अहवालावर सही त्याची. बाटल्या जीपमधून येत. जीपमधून पुरुष जात. आपल्यालाही पाठवा म्हणून बाईंनी चार वेळा लेखी विचारलं, आणि चारही वेळा जीपमध्ये जागा नसल्याचं लेखी उत्तर आलं. बाई टेबलाशी उभ्या राहून चाचण्या करत, आकडे कच्च्या वहीत लिहीत. त्या वह्या नियमानुसार नष्ट झाल्या होत्या. नियम कधी नव्हे तो वेळेवर पाळला गेला होता.

तर पुरावा काहीच नव्हता. तो प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी दिला. बाईंचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून त्यांनी नव्या वरिष्ठांच्या सहीचे दोनशे ऐंशी अहवाल अपिलात जोडले. बाईंनी ते तीन रविवार बसून वाचले.

"हात दाखवून अवलक्षण," नणंद तेव्हा म्हणाली होती.

अधिकारी आले, बसले. समोर प्रमुख आणि नवे वरिष्ठ.

"बोला बाई. थोडक्यात."

बाई उभ्या राहिल्या. "प्रत्येक अहवालात चाचणीच्या वेळचं पाण्याचं तापमान आहे. आमच्या थर्मामीटरवर अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या रेघा आहेत. म्हणजे वाचताना दशांशचिन्हापुढे शून्य येईल, नाहीतर पाच."

"बरं."

"पण तो थर्मामीटर चार दशांश जास्त दाखवतो. मी दरवर्षी तो दशांशाच्या रेघा असलेल्या प्रमाणित थर्मामीटरशी ताडून बघते. म्हणून मी वाचलेल्या आकड्यातून चार दशांश वजा करून लिहिते. शून्य असेल तिथे सहा येतो, पाच असेल तिथे एक."

अधिकाऱ्यांनी वरचा अहवाल उघडला. तेवीस पूर्णांक सहा. दुसरा. चोवीस पूर्णांक एक. त्यांनी मधलेच दहा-बारा काढून पाहिले.

"सगळे असेच?"

"दोनशे एकाहत्तर. उरलेल्या नवांत शून्य किंवा पाच आहे. ते नऊ दिवस मी रजेवर होते. रजेचा दाखला सोबत आहे."

अधिकारी नव्या वरिष्ठांकडे वळले. "तुमच्या चाचणीत नेहमी एक नाहीतर सहाच कसा येतो?"

नव्या वरिष्ठांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख छताकडे पाहत होते.

"पाणीच तसं असतं, साहेब."

"आणि बाई रजेवर गेल्या की बदलतं?"

"बाटली मात्र मीच आणलेली असते," नवे वरिष्ठ म्हणाले. ते अगदी प्रामाणिकपणे बोलत होते.

प्रमुख खाकरले. "साहेब, चार दशांशाने काय होतं? कोणी मरत नाही. बाईंना उगाच बारीकसारीक बघायची खोड आहे."

"खोड कोणाची, ते कळलं," अधिकारी म्हणाले आणि फाईल मिटली. "ठीक आहे. निर्णय राखून ठेवतो. लेखी कळवू."

बाई खाली बसल्या. त्यांना हे वाक्य पाठ होतं.

नणंद मात्र उभी राहिली. "साहेब, मी तीस वर्षं लेखी कळवलंय. लेखी कळायला दोन महिने लागतात. आमच्या वहिनी एकोणीस दिवसांनी घरी बसणार. काय व्हायचं ते तोंडाने सांगा. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, आम्ही ऐकून घेऊ."

"ताई, अशी पद्धत नाही."

"पद्धत काय, जीपमध्ये जागा नसण्याचीही होतीच की."

बाईंनी नणंदेचा पदर धरून ओढला. ती बसली नाही. अधिकाऱ्यांनी तिच्याकडे, मग फाईलवर चिकटवलेल्या आठ तारखांच्या कागदाकडे पाहिलं. मग त्यांनी टंकलेखकाला बोटाने खूण केली.

"लिहून घ्या. अर्जदार स्त्री आहेत म्हणून त्यांना जीपमध्ये बसू दिलं नाही, आणि जीपमध्ये बसल्या नाहीत म्हणून त्यांना अनुभव नाही असं म्हटलं. हा भेदभाव आहे. अपील मंजूर. जागा रिकामी झाली त्या दिवसापासून वरिष्ठ परीक्षक अर्जदारच. बाई, उद्या सकाळी त्या जागेवर हजर व्हा."