कोंडवाड्यातले गमबूट

रविवारची सकाळ. ब्रॅकनफर्डच्या प्रार्थनामंदिरात पाद्रीबुवा, पेटी वाजवणारी म्हातारी आणि तिचं कुत्रं एवढेच होते. बाकी अख्खं गाव वर माळावर, कोंडवाड्यात लोटलं होतं. लंगडे होते, दमेकरी होते, मूल होत नाही म्हणून आलेले होते. शेजारीण जाते मग आपणच काय घोडं मारलंय, म्हणून आलेल्यांची तर गणतीच नव्हती.

“जोडे काढा, मित्रांनो!” मधल्या शिळेवर उभे राहून आर्डन महाराज गरजले. “तुम्ही उभे आहात ती धरित्रीची नाभी आहे! आईच्या नाभीवर कोणी गमबूट घालून उभं राहतं का?”

आता इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळाचा सप्टेंबर, त्यात रात्रभर कोसळलेला पाऊस. पण नाभीचं नाव काढल्यावर बोलणार कोण? गावाने निमूटपणे बूट काढले, बांधाच्या कडेला रांगेत ठेवले आणि घोटाभर चिखलात अनवाणी उभं राहिलं. रांगेत पहिला मान महाराजांच्या उंची, हिरव्यागार गमबुटांचा. महाराज स्वतः शिळेवर उभे होते, तिथे चिखल नव्हता.

“बाई, तुम्ही नाही काढले?” कोणीतरी विचारलं.

“मला सर्दी झालीय,” थर्झा एन्डाकॉट म्हणाली. गावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. निम्मं गाव तिच्या हातच्या पट्ट्या खाऊन मोठं झालेलं, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही.

कोंडवाडा म्हणजे काय, तर उघड्या माळावरचा एक वाटोळा दगडी बांध. कमरेएवढा, जागोजाग ढासळलेला, आणि आत जुन्या झोपड्यांच्या पायाच्या दगडांची चार-दोन कडी. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या त्याच्या आडोशाला बसल्या, पोरं त्यात लपाछपी खेळली. कडेला सरकारने एक पाटी ठोकलेली होती: ‘कांस्ययुगातील आवार. बहुधा वस्तीसाठी किंवा जनावरांसाठी. नेमका उपयोग ठाऊक नाही.’ ही पाटी गावात कोणी कधी वाचली नव्हती. वाचली ती वसंतात उगवलेल्या या आर्डन महाराजांनी, आणि तिच्यावरच सगळा संसार थाटला.

“वाचा ही पाटी!” ते दर रविवारी बोट दाखवायचे. “बहुधा! म्हणे बहुधा! सरकारला ठाऊक नाही, पंडितांना ठाऊक नाही. मला नक्की ठाऊक आहे! इथे सूर्यकन्या रोग्यांना बरं करायच्या आणि माळावरची तट्टं येऊन रोग चाटून न्यायची. तीच तट्टं आजही येतात. का येतात? त्यांच्या रक्तात स्मरण आहे!”

एवढं झालं की ते कांस्याचं वाडगं घेऊन त्यावर टोला द्यायचे. घण्ण! आणि खरोखर, धुक्यातून तट्टं यायची. रानटी, केसाळ, माणूस दिसला की उधळणारी तट्टं बांधाच्या तोंडातून आत शिरून शिळेपाशी यायची. महाराज मातीच्या सुरईतलं ‘चंद्रजल’ निवडक भक्तांच्या हातांवर ओतायचे आणि तट्टं त्यांचेच हात चाटायची. ज्यांचे हात धुतले नाहीत त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाहीत. त्यांची म्हणे वेळ आली नव्हती.

त्या रविवारी थर्झाच्या धाकट्या बहिणीची वेळ आली. विल्मटच्या छातीत गाठ होती. नऊ दिवसांनी, मंगळवारी, शहरातल्या इस्पितळात तिची शस्त्रक्रिया ठरलेली होती. एका करड्या घोडीने तिचे तळवे चाटले, मनगटं चाटली, बाहीसुद्धा चाटली. विल्मट हुंदके देत हसत होती.

“गाठ विरघळायला लागली!” महाराजांनी डोळे मिटून जाहीर केलं. “पण सांभाळ हो, मुली. आता अंगाला लोखंड लावू देशील तर ऊर्जा फाटेल.”

इतके दिवस थर्झा या सोंगाला हसत होती. आता हसू आटलं.

तट्टं येतात का, हे कोडं तिलाही सुटत नव्हतं. वाडग्याचा नाद असेल, कुठलासा वास असेल, ती नुसती अंधारात चाचपडत होती. आणि खाणं घालून वळवली असतील, हा विचार तिच्याच काय, गावातल्या कोणाच्याच मनात येत नव्हता. माळावरच्या तट्टांना काहीही खायला घालायचं नाही हा इथला धर्म. एकदा माणसाच्या हातून खाल्लं की ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली जातात. इथलं पोर चालायला शिकतं तेव्हा पहिली चापट याच्यावरून खातं. जे करायचंच नसतं ते कोणी करत असेल, हे गावाला सुचावं कसं? महाराजांनी बरोबर तीच फट हेरली.

सोमवारी थर्झा बहिणीच्या स्वयंपाकघरात गेली. विल्मट मांसाच्या करंज्यांसाठी बटाटे चिरत होती. अंगात कालचाच काळा स्वेटर. न धुता घातलेला, कारण घोडीने चाटलेला.

“मी नाही जाणार पुढच्या मंगळवारी,” विल्मट मान वर न करता म्हणाली. “तसं कळवलंय.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“तू पाहिलंस ना डोळ्यांनी! आणि त्या पाण्यात शक्ती आहे, थर्झा. परवा हे बोट चिरलं होतं, काल त्यावर पाणी पडलं तर असं झोंबलं, असं झोंबलं! महाराज म्हणाले, विष बाहेर पडतंय.”

“झोंबलं?”

थर्झाने तिचा हात ओढला. काळ्या बाहीच्या कडेला पांढरी, खरखरीत रेघ उमटली होती. पीठ नव्हतं. थर्झाने सरळ बाही तोंडात घातली आणि चोखली.

“शी! हे काय गं? तुलाही घोड्याची लागण झाली की काय?”

“मीठ आहे हे, विल्मट! खारं पाणी! माळावरच्या गवतात मिठाचा कण नसतो, जनावरं मिठासाठी जीव टाकतात. तो भामटा महिनोन्‌महिने शिळेवर मीठ फासत असणार. वाडगं वाजलं की मीठ, एवढं त्यांना कळलंय. शाळेची घंटा झाली की पोरं डबे उघडतात ना, तसं!”

विल्मटने बाही ओढून घेतली. “तुला काय, सगळीकडे मीठच दिसणार. आईलाही तूच नेलंस इस्पितळात. आली का परत?”

हे मात्र वर्मी बसलं. थर्झा उठून गेली. स्वयंपाकघरातलं शहाणपण पालथ्या घड्यावरचं पाणी ठरणार, हे तिला कळून चुकलं. जे काही करायचं ते कोंडवाड्यातच करावं लागणार होतं.

पुढचा रविवार. पुन्हा तीच नाभी, तेच अनवाणी गाव. सुरई धरायचा मान रूबेन क्लीव्हकडे होता. माळावरची निम्मी तट्टं या म्हाताऱ्याच्या मालकीची आणि गुडघे कायमचे आखडलेले. आठवड्यापूर्वी त्याचं एक शिंगरू खालच्या रस्त्यावर गाडीखाली सापडलं होतं. “त्याने तुमचं दुखणं स्वतःवर घेतलं,” असं महाराज म्हणाले, तेव्हा रूबेन त्यांच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला होता. गुडघे होते तसेच होते.

घण्ण! वाडगं वाजलं, तट्टं आली. आणि थर्झा पुढे झाली.

“माझे धुता का हात, महाराज?”

गर्दीत कुजबुज उठली. महाराजांचा चेहरा तुपात घोळल्यासारखा झाला. “या, बाई, या! बघा मित्रांनो, विज्ञान शरण आलं!”

“सुरई मीच धरते. रूबेनकाकांचे हात भरून आले असतील,” असं म्हणून थर्झाने सुरई घेतली, तडक बांधाकडे गेली आणि सगळं चंद्रजल महाराजांच्या हिरव्या गमबुटांवर उपडं केलं. तळाशी घोटभर तेवढं ठेवलं.

करड्या घोडीने नाक फुगवलं. वळली. तिच्यामागे बाकीची वळली. पुढच्याच क्षणी धरित्रीच्या नाभीवरून सगळं रोगनिवारक पथक उठून बांधाकडे गेलं आणि महाराजांचे गमबूट भक्तिभावाने चाटू लागलं. एका शिंगराने तर पूर्ण डोकं बुटात घातलं.

कोणीतरी फिस्सकन हसलं. पण महाराज असे तसे नव्हते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

“पाहा! पाहा! माझ्या पावलांची ऊर्जा त्यात उतरली आहे!”

आणि सांगायला लाज वाटते, पण गर्दीने खरोखरच “आहा!” केलं. एका बाईने हातसुद्धा जोडले. बुटांना.

“बरं,” थर्झा म्हणाली. शाळेत ढ पोराला दुसऱ्यांदा समजावताना तिचा जो आवाज लागायचा तो लागला. “मग ज्याला महाराजांचा पाय कधी लागला नाही, असं काहीतरी बघू.” तिने पिशवीतून किराण्याच्या दुकानातला मिठाचा पुडा काढला, डब्याच्या झाकणात बांधाशेजारून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी घेऊन त्यात कालवलं आणि सरकारी पाटीवर शिंपडलं.

तट्टांनी बूट सोडले. पाटीभोवती ही धक्काबुक्की! ‘बहुधा’ या शब्दावर तर करडीने जीभ अशी फिरवली की वर्षानुवर्षांचं शेवाळ निघून अक्षर लख्ख झालं.

“काय हो, महाराज? सरकारला कुठला रोग झालाय?”

आता मात्र माळ हसला. आर्डन महाराज चाचरले. “पाण्याचा अपमान... पवित्र जल...”

“पवित्र आहे ना? मग प्या की!” थर्झाने सुरई पुढे केली. “घोटभर राखलंय तुमच्यासाठी.”

महाराज मागे सरले. सुरई घेतली ती रूबेनने. तोंडाला लावली आणि थू करून चिखलात थुंकला.

“मीठ,” तो म्हणाला. मग पुन्हा, हळूच म्हणाला, “मीठ घालत होता माझ्या जनावरांना. म्हणून ती माणसांच्या अंगावर यायला लागली. म्हणून रस्त्यावर गेली.” म्हातारा महाराजांकडे वळला. “माझं शिंगरू तू मारलंस, हरामखोरा. आणि मी तुझे पाय धरले!”

त्या आखडलेल्या गुडघ्यांनी रूबेन ज्या वेगाने धावला, तो त्या कोंडवाड्यातला एकमेव खरा चमत्कार. महाराज अनवाणीच पळाले. गमबूट मागेच राहिले, आणि त्यांना पुन्हा एक शिंगरू चाटू लागलं होतं.

सगळे शहाणे झाले म्हणता? छे! परतताना एक गृहस्थ म्हणत होते, “मीठ होतं तर काय झालं? मीठसुद्धा धरित्रीचंच.” अशांना तट्टंसुद्धा चाटत नाहीत.

विल्मट बांधावर बसून राहिली होती. थर्झा शेजारी टेकली.

“झालं समाधान?” विल्मट म्हणाली. “जिंकलीस?”

“नाही. मंगळवार अजून व्हायचाय.”

विल्मट पायावरचा चिखल खरवडत बोलली. “डॉक्टर एकदाही ‘नक्की’ म्हणाला नाही गं. बहुधा निघेल, बहुधा पसरली नसेल. हा महाराज पहिल्या भेटीत म्हणाला, नक्की बरी होशील. मला ते ‘नक्की’ हवं होतं. मला फार भीती वाटते, थर्झा.”

“मलाही वाटते. झोप लागत नाही मला.” थर्झाने तिचा हात घेतला. “पण आईला इस्पितळाने नाही नेलं, विल्मट. ती वर्षभर दुखणं लपवून बसली, त्या वर्षाने नेलं. आणि डॉक्टर ‘बहुधा’ म्हणतो, कारण तो आधी तपासतो आणि मग जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलतो. या भामट्याला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला सगळं नक्की होतं.”

विल्मटने बांधाच्या दगडावरून हात फिरवला. “मग हे खरं कशाला बांधलं होतं?”

“बहुधा गुरांसाठी. इथल्या मातीत शेणखताचा अंश सापडलाय. तेव्हा माळावर लांडगे होते.”

“आणि एवढे धोंडे हातांनी आणले?”

“हातांनीच. लांडगा येईल आणि प्रेमाने हात चाटून जाईल, म्हणून वाट बघत बसले नाहीत ते. घाबरले असतील, पण दगड उचलले.”

उठताना विल्मटने पायात बूट घातले आणि खाली जाऊन पहिला फोन इस्पितळात केला. तारीख सुदैवाने अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी ती गुंगीतून जागी झाली तेव्हा थर्झा उशाशी होती.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“गाठ काढली. म्हणाले, बहुधा वेळेत आलात.”

“बहुधा म्हणाले?”

“बहुधाच म्हणाले.”

“मग माणूस भरवशाचा आहे,” विल्मट म्हणाली आणि पुन्हा झोपी गेली.

आर्डन महाराज हल्ली उत्तरेकडच्या कुठल्याशा माळावर, दुसऱ्या एका दगडी वेढ्यात असतात म्हणे. तिथे मेंढ्या येतात. भक्तांना काय, मेंढ्याही चालतात. तेव्हा मंडळी, तुमच्याकडे कोणी असा छातीठोक ‘नक्की’ घेऊन आला, तर हात जोडण्याआधी त्याच्या सुरईतलं पाणी चाखून बघा. त्याने चाखू दिलं नाही, तर पायातले जोडे काढू नका आणि सरळ डॉक्टरकडे चालू लागा.