चंद्रभागाबाईंची मुंबई

चंद्रभागाबाईंनी पेपर ओट्यावर पसरला, उडू नये म्हणून कोपऱ्यावर खलबत्ता ठेवला आणि आतल्या पानावरची बातमी पुन्हा एकदा बोट फिरवत वाचली. मग चष्मा कपाळावर सारून त्यांनी मोठ्यानं हाक मारली.

"अवो, ऐकताय का? पौर्णिमाच्या हिकडं अजगर निघालाय."

कोंडीराम आरशासमोर दाढी करत होते. एका गालाला फेस, दुसरा कोरा.

"हिकडं म्हंजे कुठं?"

"वडाळ्याला. टावरमधी. पयल्या मजल्यावरच्या संडासात."

"आपली पोरगी तेविसाव्या मजल्यावर ऱ्हाते गं."

"मग? अजगराला काय मजले मोजता येतात? चढला म्हंजे चढला."

कोंडीरामांनी साजगावच्या कारखान्यात सगळी नोकरी मशिनच्या खडखडाटात काढली होती. पण बायकोच्या अशा प्रश्नांपुढं त्यांचं डोकं तिथल्यापेक्षा लवकर बधिर व्हायचं. त्यांनी दुसऱ्या गालाला फेस लावला. एवढी मोठी बातमी, आणि पेपरवाल्यांनी ती छापली कुठं, तर लग्नाच्या जाहिरातींखाली! त्यामुळं सकाळच्या रोजच्या फोनात ती निसटली होती. बाईंनी पुन्हा फोन लावला.

तिकडे पौर्णिमा घरूनच ऑफिसची मीटिंग करत होती. आईचा फोन तर मघाशीच होऊन गेला, मग परत कशाला? बाबांना काही झालं की काय? घाईघाईत तिनं फोन उचलला, उचलताना स्पीकर चालू झाला, आणि लॅपटॉपचा माइक बंद करायचा राहून गेला.

"जयभीम गं. ऐक. बसायच्या आधी झाकण उघडून नीट बघत जा."

"कसलं झाकण?"

"संडासाचं गं! अजगर निघालाय तुमच्याकडं. आणि जावईबापूंना पण सांग. ते मोबाईल घेऊन तासतासभर बसतात म्हणालीस ना? त्यांना तर आधी सांग."

मीटिंगला पुण्याची माणसं होती, बंगळुरूची होती, सिंगापूरचे एक मोठे साहेब होते. आधी पुणं हसलं. साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा एका पुणेकरानं त्यांना सगळं इंग्रजीत व्यवस्थित समजावून सांगितलं, जावई केतनच्या तासतासभरासकट.

तसं बघायला गेलं तर बाईंना हे बातम्यांचं खूळ आधी नव्हतं. उभं आयुष्य अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढलेलं. दुसऱ्याच्या पोरांची नाकं पुसण्यातून पेपर वाचायला सवड कुणाला? पौर्णिमा लग्न होऊन मुंबईला गेली, तेव्हा पहिले काही महिने फोन भरपूर चालले. पडदे कुठल्या रंगाचे घेतले, सासूबाई काय म्हणाल्या. मग विषय आटले. जेवलीस का? जेवले. काय केलंस? भाजी. बरं, ठेव मग. फोन ठेवल्यावर बाईंना वाटायचं, एवढं बोलायला का पोरगी वाढवली? डोळे भरून यायचे, आणि त्या लगेच कांदा चिरायला घ्यायच्या, म्हणजे कुणी विचारायला नको.

एक दिवस भेळ बांधून आलेल्या त्याच दिवशीच्या पेपरावर त्यांना वडाळ्याचं नाव दिसलं. तिथं दुसऱ्या दिवशी पाणी येणार नव्हतं. त्यांनी ताबडतोब पोरीला कळवलं. पौर्णिमा म्हणाली, "अगं, मला माहीतच नव्हतं!"

बस्स. बाईंचं पोट त्या दिवशी जेवणाआधीच भरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपरवाल्या हिरामणला गाठलं. कर्जतला लागून असलेल्या त्यांच्या सगळ्या भिसेगावात तो रायगड आवृत्ती टाकायचा.

"रायगडची नको रं मला. कर्जतचं काय वाचायचं? ते तर दारात बसून दिसतंय. मुंबईची आण."

तेव्हापासून हिरामण स्टेशनवरून एकच मुंबई आवृत्ती आणायचा आणि ती हातात देताना असा चेहरा करायचा, की जणू परदेशातून मागवली आहे.

बघता बघता नवराबायको मुंबईचे जाणकार झाले. शहर श्रीमंत, त्यामुळं बातम्याही ऐसपैस. कुठल्या बागेत ट्युलिप आले, कुठल्या टॉवरची पार्किंगवरून भांडणं कोर्टात गेली, सगळं त्यांना पाठ. कुत्र्यांचं पाळणाघर निघालं, तेव्हा बाई दिवसभर फणफणत होत्या. "कुत्र्याला पाळणाघर! आमच्या अंगणवाडीला धड पत्रे नव्हते!" कोंडीरामांचीही गत तीच. एकदा मुंबईची गाडी दारात थांबली, आतल्या माणसानं कुठल्याशा फार्महाऊसचा रस्ता विचारला. कोंडीरामांना तो काही ठाऊक नव्हता. "पण मुंबईला परत जाताना चेंबूरवरनं जाऊ नका," त्यांनी काचेत वाकून सांगितलं, "तिकडं खोदलंय."

तर अशी सगळी घडी बसलेली, आणि अजगरानं ती मोडली.

संध्याकाळी पौर्णिमाचा फोन आला. आवाज तापलेला.

"आई, आता बास. मुंबईची एकही बातमी मला सांगायची नाही. मी इथे राहते ना? मला कळतं इथलं."

"अजगराचं कळलं होतं?"

"आई!"

"बरं बाई. नाय सांगत. तोंडाला कुलूप."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नेहमीच्या वेळेला फोन लावला. समोर पेपर. पौर्णिमाच्या घराजवळचा पूल महिनाभर बंद, अशी चौकटीत बातमी. बाईंनी तिच्यावर पालथा तळवा ठेवला.

"खाल्लंस का काय?"

"हो. पोहे."

"बरं."

"तुम्ही?"

"भाकरी."

पुढं काही सुचेना. बातमी तळव्याखाली वळवळत होती. पण बाईंनी ओठ आवळले आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोनच केला नाही. चौथ्या दिवशी हिरामणला सांगितलं, उद्यापासून पेपर टाकू नकोस.

"मग रायगडची टाकू?"

"कुठलीच नको."

"असं काय करता मावशी?" हिरामण खरोखरच दुखावला. "स्टेशनवरचा माणूस मला रोज इचारतो, तुमच्या मुंबईवाल्या बाई बऱ्या हायत का म्हणून. त्याला काय सांगू?"

"मेल्या म्हणून सांग."

कोंडीरामांना ही उपासमार सोसेना. ट्युलिपचं पुढं काय झालं ते कळायला मार्ग नाही. शेवटी ते म्हणाले, "अगं, नुसता फोन कर की. बातमीशिवाय."

"बातमीशिवाय काय बोलू? तुमी बोला बघू!"

कोंडीरामांनी ऐटीत फोन लावला. "हां, जयभीम. बरी हायस ना? ... हां. ... आमी बरे हाव. ... हां. ठेवतो मग." फोन खिशात टाकून त्यांनी नुसती मान खाजवली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. या वेळी समोर कांदा नव्हता, आणि त्यांनी तो शोधलाही नाही. "पोरीशी बोलायला आता माझ्याकडं कायच उरलं नाय. ती तिकडं मोठी झाली, मी हिकडं अडाणी राह्यले. आता सणावारी यायची, साडी द्यायची, जायची."

कोंडीरामांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलावं हे त्यांना कधीच कळायचं नाही, पण हात कुठं ठेवावा हे बरोबर कळायचं.

असं चाललेलं असताना एका सकाळी लाईट गेली. मिक्सरमध्ये चटणी अर्धी वाटलेली, टाकी रिकामी, मोटार लावायची राहिलेली. बाई तणतणत बाहेर आल्या. दारासमोरच्या खांबावर दोन माणसं चढलेली होती.

"काय रं बाबांनो, कधी येणार?"

"संध्याकाळ व्हईल, मावशी. तारा बदलतोय. पेपरात दिलं होतं की!"

"कुठल्या पेपरात?"

"रायगडच्या."

बाई आत आल्या. कोंडीराम बनियनवर बसून जुन्या मुंबई आवृत्तीनं वारा घेत होते. तेवढ्यात फोन वाजला. पौर्णिमा. या वेळेला? बाईंनी झडप घालून फोन उचलला.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही. आई, ऐक. आज तुमच्याकडे लाईट जाणार आहे. दिवसभर. तारा बदलणार आहेत. आत्ताच्या आत्ता मोटार लावून टाकी भरून घे. आणि वाटणाबिटणाचं काय असेल ते उरकून घे."

बाईंनी वर बघितलं. पंखा थांबलेला होता. पौर्णिमाचा आवाज स्पीकरशिवायही खोलीभर येत होता, आणि कोंडीरामांनी तोंड उघडलं, "अगं, सांग तिला, लाईट तर कवाच—"

बाईंनी त्यांच्याकडं असे डोळे वटारले, की वाक्य घशातच राहिलं.

"हो का गं?" बाई फोनमध्ये म्हणाल्या. "अगं, मला माहीतच नव्हतं!"

आणि बोलता बोलता त्या थबकल्या. पौर्णिमाच्या टॉवरची लिफ्ट त्यांच्या डोळ्यांपुढं आली. गेल्या दिवाळीत त्या चार दिवस तिथं राहिल्या होत्या. त्या लिफ्टमध्ये सोसायटीचा पांढरा फळा होता, आणि पाणी कधी येणार नाही ते त्यावर आठवडाभर आधीच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पौर्णिमा त्या लिफ्टनं रोज दोनदा तरी जायची-यायची. मग भेळीच्या कागदावरचं ते पाणी तिला माहीत नव्हतं कसं?

"आई? ऐकतेयस ना?"

"ऐकते गं." बाईंनी पदरानं डोळ्यांच्या कडा टिपल्या. "तुला कुठनं कळलं पण?"

"कर्जतच्या बातम्यांचं एक पान आहे फोनवर. वाचते मी."

"कधीपासनं?"

"झालं की वर्ष. रोज सकाळी. तुझा फोन यायच्या आधी." पौर्णिमा जराशी घुटमळली. "तू सांगायचीस ना, मग मला पण काहीतरी सांगायला असावं म्हणून. पण तू मला बोलूच द्यायची नाहीस."

कोंडीराम खुणेनं विचारत होते, काय म्हणते? बाईंनी त्यांच्या हातातला पेपर ओढून घेतला, स्वतःला वारा घालत जमिनीवर ऐसपैस मांडी घातली आणि पाठ भिंतीला टेकली.

"बरं, लावते मोटार," त्या म्हणाल्या. "आणखी काय म्हणतंय आमचं कर्जत?"