आसनाखालचा थेंब

फूलबागेजवळ उषाताईंच्या माडीवर रोज सकाळी बायका साधनेला जमत, आणि त्यांत खिडकीजवळची पहिली जागा सीमंतिनीची, हे कित्येक वर्षं ठरून गेलेलं होतं. ताई तंत्रमार्गातल्या. बोटांच्या टोकांनी एकेका अवयवावर मंत्राचं अक्षर ठेवायचं, म्हणजे न्यास करायचा, आणि मग कण्याच्या तळाशी निजलेली ऊब श्वासाबरोबर वर चढण्याची वाट पाहायची. वाट पाहण्यात सीमंतिनीने कसूर केली नव्हती. कांदालसूण सोडला, लग्नकार्यं सोडली, गुडघे ठणकले तरी मांडी मोडली नाही. ऊब आली ती मंजिरीला.

मंजिरी खासगी बाजारातल्या लीलाताईंची सून, परवापरवा येऊ लागलेली. डावरी, न्याससुद्धा डाव्या हाताने करायची आणि ताई हसून सोडून द्यायच्या. एका सकाळी तिचा चेहरा चुलीपुढे बसल्यासारखा लाल झाला, मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि कोणाला सहसा न शिवणाऱ्या ताई तिच्या पाठीवर हात ठेवून किती तरी वेळ बसून राहिल्या.

"काय केलंस गं?" सीमंतिनीने जिन्यात विचारलं.

"काहीच नाही हो काकू. मी तर बस बसली होती, अपने आप हो गया."

सीमंतिनीची कुंडलिनी काही जागी झाली नव्हती, पण तळपायाची आग मस्तकाला मात्र त्या दिवशी थेट कण्यातून गेली. त्यातून ताई आता मुलाकडे इंदूरला कायमच्या निघाल्या होत्या आणि जाण्याआधी आपली जागा कोणा एकीला देणार होत्या. सीमंतिनीला मूलबाळ नव्हतं, माहेर उरलं नव्हतं. आयुष्यात हट्टाने मागावी अशी तेवढी एकच गोष्ट शिल्लक होती, आणि ती या कालच्या पोरीच्या ओटीत पडणार या विचाराने तिला घास गिळवेना.

ताईंचा एक नियम फार कडक होता. साधना झाली की आसनाखाली पाण्याचा थेंब सोडायचा, तो बोटाने कपाळाला लावायचा आणि मगच उठायचं. "नाहीतर तुमचं केलेलं दुसरंच कोणी घेऊन जातं," त्या म्हणत. दुसऱ्याच्या आसनावर तर कोणी चुकूनही बसत नसे.

एके दिवशी सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मंजिरीचा फोन थरथरला. सासूचा फोन, म्हणून ती घाईने तशीच बाहेर गेली, थेंब राहिला. शेजारी बसलेल्या सीमंतिनीने अर्धवट डोळे उघडून ते पाहिलं, आवाज न करता ती मंजिरीच्या आसनावर सरकली, कडेखाली पाणी सोडलं आणि ते आपल्या कपाळाला लावलं. आसनाची लोकर अजून कोमट होती. आपल्या स्वतःच्या आसनाखाली थेंब सोडायचा राहिला, हे तिच्या ध्यानात जिना उतरल्यावर आलं. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मंजिरी म्हणाली, "काकू, काल तुमचं आसन तसंच राहिलं होतं. मीच थेंब लावून घेतला हां. इतकं तुमचं, वाया जायला नको ना."

त्याच सकाळी सीमंतिनीला ऊब आली. कण्यातून मानेपर्यंत, कोवळ्या उन्हासारखी. ती आनंदाने रडली. घरी दिनकरराव, तिचे यजमान, ताटावरून म्हणाले, "अगं, डाव्या हाताने काय वाढतेस?" तिने हात बदलला, थोड्या वेळाने डाव पुन्हा डाव्या हातात होता. तरी ऊब येत होती, आणि बाकी कशाची तिला फिकीर नव्हती. मग एका संध्याकाळी महाराज बाड्याच्या चौकात भाजी घेऊन वळताना पाय आपोआप खासगी बाजारात शिरले. एका अंधाऱ्या जिन्याची मोडकी पायरी तिने न बघता ओलांडली. आत लीलाताई खाली मान घालून मटार सोलत होत्या.

"आलीस? चाय ठेव. अदरक जास्ती टाक."

अदरक कुठे असतं ते सीमंतिनीला माहीत होतं. तिने चहा केला, दिला आणि पळत घरी आली. रात्रभर तिने हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साधना सोडावी लागली असती.

ताईंच्या निर्णयाचा दिवस उजाडला. ऊब आज टाळूपर्यंत चढली होती. मिटल्या डोळ्यांनी सीमंतिनीने ऐकलं, "माझी जागा आजपासून सीमंतिनीची."

तिने डोळे उघडले. ती मंजिरीच्या आसनावर बसली होती. कधी बसली, आठवेना. खिडकीजवळच्या आसनावरून एक बाई सावकाश वाकली, उजव्या हाताने आसनाखाली थेंब सोडला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "हो, ताई." तो आवाज सीमंतिनीने जन्मभर आपल्याच तोंडून ऐकला होता. ताईंनी त्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला. कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

खाली दिनकरराव स्कूटरवर थांबले होते. ती बाई मागे बसली, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उशीर झाला आज," ते म्हणाले आणि स्कूटर सुरू केली.

ती गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी होईपर्यंत सीमंतिनी पाहत उभी राहिली. मग खासगी बाजाराकडे भराभर चालू लागली, कारण सासूबाईंच्या चहाची वेळ टळत होती.